वर्षभर टिकणारं जेवण: किराणा यादीपासून सुरुवात कशी करावी

खाणं सुधारायचं ठरलं की बहुतेक घरांत एकाच माणसाचं ताट बदलतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेलं असतं किंवा पँटचं बटण लागेनासं झालेलं असतं. मग त्या एकासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी, वाटीभर काकडी-गाजर सुरू होतं. तीन आठवडे उत्साहात जातात. पुढे स्वयंपाक करणाऱ्या हातांना दोन-दोन स्वयंपाक झेपेनासे होतात, शेजारच्या ताटातला बटाट्याचा रस्सा पाहून पथ्यवाल्याचा निर्धार खचतो आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत सगळं मोडतं. याचं खापर त्या माणसाच्या मनोबलावर फोडणं अन्यायाचं आहे. घरात जे येतं तेच शिजतं, आणि शिजतं तेच खाल्लं जातं. त्यामुळे बदल करायचा तो आधी महिन्याच्या किराणा यादीत. तिथे झाला तर सगळ्यांच्या ताटांत आपोआप उतरतो.

खालचे आकडे चार मोठ्या माणसांच्या, बहुतेक वेळा घरी जेवणाऱ्या कुटुंबासाठी आहेत. एकटे राहणाऱ्यांनी चाराने भागावं.

सुरू करण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात एकदम कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, भाज्या आणि मीठ यांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत किंवा अचानक बंदही करू नयेत. या तिन्ही गटांतल्या लोकांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि मगच पुढचं अमलात आणावं.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

एक वही घ्या. सात दिवस घरातलं खाणं आहे तसंच चालू ठेवा आणि लिहून काढा: किती पोळ्या, किती भात, चहा किती कप, त्यात साखर किती चमचे, संध्याकाळी काय तोंडात टाकलं. रात्री आठवून लिहायला बसलात तर निम्मं निसटतं, म्हणून खाल्ल्याबरोबर लिहा. निसटतं ते नेमकं चहासोबतची दोन बिस्किटं आणि डब्यातून येता-जाता घेतलेली शेव.

त्याच वहीत मागच्या दोन महिन्यांच्या किराणा बिलांवरून सात आकडे उतरवा: तेल, तूप, साखर आणि गूळ मिळून, मीठ, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून, गहू-ज्वारी-तांदूळ मिळून, आणि फरसाण-बिस्किटं-टोस्ट-नूडल्स मिळून. शेवटी प्रत्येकाचं वजन आणि कंबर. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर धरा, श्वास सोडलेला असू द्या, पोट आत ओढू नका. भारतीय बांध्यासाठी पुरुषांत 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही सावध होण्याची रेषा मानली जाते.

आता तुलना कशाशी करायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात एका माणसासाठी दिवसाला 2000 कॅलरीच्या ताटाची मापं दिली आहेत: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध-दही 300 मिली, दाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्य आणि डाळी कच्च्या वजनाच्या आहेत. बैठं काम करणाऱ्या स्त्रीची गरज 2000 पेक्षा कमी, साधारण 1660 कॅलरींची असते. तिने धान्य 200 ग्रॅमच्या आसपास ठेवावं, डाळ आणि भाजी मात्र कमी करू नये.

ही मापं चौघांच्या महिन्यात बदलली की खरं चित्र दिसतं. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे तीन लिटर तेल आणि अर्धा किलो तूप. साखर रोज माणशी 25 ग्रॅम धरली तर तीन किलो, आणि त्यात गूळ, मध, बिस्किटांतली, मिठाईतली सगळी आली. मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या रोज 5 ग्रॅमच्या मर्यादेने 600 ग्रॅम, त्यातही लोणचं, पापड, फरसाणातलं आलंच. म्हणजे एक किलोची पिशवी जवळजवळ दोन महिने पुरायला हवी. आणि डाळी-कडधान्यं दहा किलो.

हो, दहा किलो. बहुतेक घरांच्या यादीत तीन-चार किलोच सापडतात, आणि आपल्या जेवणातलं सगळ्यात मोठं भगदाड तेच आहे. पोळी-भाताने पोट भरतं पण दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते, ती भूक फरसाणाचा डबा उघडते. म्हणून आधी डाळ वाढवायची. तेल-साखरेला हात नंतर.

दुसरा ते पाचवा आठवडा: डाळ घट्ट करा

स्वयंपाकघरात वजनाचा छोटा काटा नसेल तर घ्या. सगळ्या खरेदीत ही एकच गोष्ट पैसे वसूल करते. आजचं वरण लावायच्या आधी डाळ तोला. चौघांच्या एका जेवणाला 120 ग्रॅम, म्हणजे माणशी 30 ग्रॅम डाळ लागते. पातळ वरणात बऱ्याचदा चौघांत 60-70 ग्रॅमच जाते. डाळ दुप्पट करा, पाणी तेवढंच ठेवा. लगेच लक्षात येईल की भात कमी लागतो.

85 ग्रॅम एका जेवणात बसत नाहीत, तीन ठिकाणी वाटा. सकाळी 25-30 ग्रॅम बेसनाचं किंवा भिजवलेल्या मुगाचं धिरडं, दुपारी आमटी-वरण, रात्री मोड आलेल्या मटकीची, चवळीची किंवा मसुराची उसळ. 30 ग्रॅम डाळीतून साधारण 6-7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. रोजची गरज शरीराच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. तीन वेळची डाळ, दूध-दही, दाणे आणि धान्यातली प्रथिनं मिळून हा आकडा शाकाहारी घरातही गाठता येतो. अंडी, मासळी किंवा चिकन खाणाऱ्या घरात त्या दिवशीची उसळ गाळली तरी चालेल. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात. शाकाहारी लोकांनी दूध-दही मात्र सोडू नये, कारण बी-12 हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही.

इथे हमखास जे बिघडतं ते म्हणजे पोट. गॅस धरतो, पोट फुगतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "मला कडधान्यं सोसत नाहीत." बहुतेकदा सोसत नाहीत ती एकदम वाढवलेली कडधान्यं. आतड्यांतल्या जिवाणूंना नव्या चोथ्याची सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. डाळ वाढवायला घेतल्यावर पहिला आठवडा फक्त मूग आणि मसूर घ्या, ते हलके. त्यापुढच्या आठवड्यात मटकी आणि तूर वाढवा. चवळी, हरभरा, राजमा, वाटाणा सगळ्यात शेवटी. आठ ते दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. बोटांत दाबल्यावर दाणा कणीशिवाय चिरडला पाहिजे. हिंग, आलं, ओवा यांची फोडणी आपल्याकडे उगीच नाही. आणि चोथा वाढवताना पाणी वाढवायला विसरू नका, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतं.

मोडांसाठी: सकाळी भिजत घातलेली मटकी रात्री निथळून ओल्या सुती कापडात सैल बांधा. घट्ट बांधली तर मधले दाणे गुदमरतात आणि वास येतो. थंडीत पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवा, मोडांना 24 तास लागतात. उन्हाळ्यात 12 तास पुरतात. फ्रीजमध्ये मोड तीन दिवस चांगले राहतात. चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊ नका, वाफवून द्या.

भाकरी, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज

250 ग्रॅम धान्य म्हणजे काय, ते एकदा तोलून बघितलं की डोक्यात बसतं. एका फुलक्याला 25-30 ग्रॅम पीठ, घडीच्या पोळीला 35-40, मध्यम भाकरीला 70. कच्चा तांदूळ 30 ग्रॅम घेतला तर शिजून तिप्पट होतो. सकाळचे पोहे किंवा रवा याच हिशेबात धरायचे. म्हणजे सकाळी 40 ग्रॅम पोहे, दुपारी तीन फुलके आणि थोडा भात, रात्री एक भाकरी, एवढ्यात दिवस संपला.

यातला निदान एक तृतीयांश भाग ज्वारी, बाजरी, नाचणीचा असावा. चोथा जास्त, चावून खावी लागते म्हणून जेवण सावकाश होतं, आणि नाचणीत तर 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. पण भाकरी म्हणजे मोकळं रान असं समजू नका. 70 ग्रॅम ज्वारीच्या पिठातही 230-240 कॅलरी असतात, गव्हाच्या तेवढ्याच पिठाइतक्याच. "भाकरी आहे, कितीही खा" म्हणत तीन भाकऱ्या खाणाऱ्या मधुमेही माणसाची साखर उतरत नाही, आणि मग दोष ज्वारीला लागतो.

भाकरी न येणं हे शहरी घरांत ती न खाण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी उकड काढून करावी. दोन भाकऱ्यांसाठी 150 ग्रॅम पीठ आणि साधारण तेवढंच, दीडशे मिली पाणी. पाण्यात चिमूट मीठ घालून खळखळून उकळवा, आच बंद करा, पीठ एकदम घालून लाटण्याच्या टोकाने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत काढून, कोमट पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडून मळा. भाकरी इथेच घडते किंवा बिघडते. गोळा चिकट न राहता लोण्यासारखा गुळगुळीत झाला पाहिजे. परातीत कोरडं पीठ पसरून थापा, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा, लगेच त्यावर पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकत आलं की उलटा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर चिरा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट शेकली की पहिली बाजू थेट आचेवर.

कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलं. थापताना मधूनच तुकडे पडत असतील तर पिठाची विरी गेली आहे, म्हणजे पीठ जुनं झालं. तुमचा हात चुकलेला नाही. ज्वारीचं पीठ दहा-बारा दिवस पुरेल एवढंच, दीड-दोन किलो दळून आणा. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने ते आठवड्याभरात कडवट होतं, म्हणून किलोभरच दळा. तयार पिठाची पिशवी घेणार असाल तर दळल्याची तारीख बघा. गव्हाचं पीठ महिनाभर चांगलं राहतं म्हणून ज्वारीचंही राहील हे गृहीत धरल्यानेच अनेकांच्या भाकरीच्या प्रयत्नांचा पहिल्याच आठवड्यात शेवट होतो.

आठवड्यातून दोन रात्री भाकरी, एवढ्यावर महिना काढा. मग चार. मुलांना कोरडी भाकरी आवडत नसेल तर भाजणीच्या थालीपिठापासून सुरू करा. त्यात धान्य आणि डाळी दोन्ही असतात, वरून कांदा, मेथी, किसलेला दुधी घालता येतो.

भाजी

माणशी 400 ग्रॅम म्हणजे चौघांना आठवड्याला अकरा किलो. हे ऐकून धसका घेऊ नका. आज चार किलो येत असेल तर पुढच्या महिन्यात सहा, त्यानंतर आठ.

भाजी वाढवायची तर वाटीतली भाजी वाढवून फार काही होत नाही. ती इतर पदार्थांत घुसवावी लागते. आमटीत दुधी, लाल भोपळा, शेवगा, पालक. पिठल्यात कांद्याची पात. पोह्यांत पोह्यांइतकेच मटार-गाजर-कांदा. आणि दोन्ही जेवणांत माणशी 75-100 ग्रॅम कोशिंबीर, तीही ताटात आधी वाढलेली. कोशिंबीर आणि भाजी आधी, पोळी त्यासोबत आणि भात सगळ्यात शेवटी अशा क्रमाने जेवलं तर जेवणानंतर साखर कमी उसळते. मधुमेहींना या एका गोष्टीचा घरच्या ग्लुकोमीटरवर फरक बघता येतो.

अडचण भाजीच्या चवीची क्वचितच असते. अडचण निवडण्याची असते. संध्याकाळी सातला कामावरून आल्यावर मेथीची जुडी समोर धरली की मन बटाट्याकडे वळतं. शनिवारी-रविवारी दीड तास घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा: पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस टिकते. धुऊन ठेवली तर दुसऱ्या दिवशी लिबलिबते. फरसबी, गवार, मटार निवडून वेगवेगळ्या डब्यांत. नारळ, आलं-लसूण वाटून ठेवा. या कामाचा भार घरातल्या एकाच बाईवर राहिला तर दोन महिन्यांत सगळं पूर्वपदावर येतं, हे अगदी स्पष्ट सांगायला हवं. ज्याला तब्येत सुधारायची आहे त्याने निदान भाजी निवडायला बसलंच पाहिजे.

पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि चिखलानं भरलेली येते. तेव्हा दुधी, दोडका, पडवळ, कारलं, भेंडी आणि जास्त कडधान्यं यांवर भर द्या. कोकणात आणि डोंगराळ भागात टाकळा, भारंगी, शेवळं या रानभाज्या त्याच दिवसांत मिळतात. शेवळं खाजरी असतात, चिंच किंवा काकडं घालूनच करावी लागतात. ओळखीच्या विकणारीकडूनच घ्या आणि कृती तिलाच विचारा. हिवाळ्यात गाजर, मुळा, वालपापडी, हरभऱ्याचा पाला यांची चंगळ असते. नवीन सवय लावायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात सोपे आणि सगळ्यात स्वस्त.

तेल मोजण्याची युक्ती

फोडणीची पळी एकदा तेलाने भरा आणि औषधाच्या बाटलीसोबत येतं त्या मापाच्या टोपणाने मोजा. अनेक घरांत ती पळी 20-25 मिलीची निघते. दिवसाला चार-पाच पळ्या झाल्या की चौघांचा सगळा हिशेब फोडणीतच संपला, पोळीला लावलेलं तेल आणि तळण वेगळंच.

दर सोमवारी 700 मिली तेल एका वेगळ्या बाटलीत काढा. आठवडाभर स्वयंपाक फक्त त्यातून. पहिल्या आठवड्यात बाटली गुरुवारीच रिकामी होईल. तेव्हा पुन्हा भरा, वहीत नोंद करा, पुढच्या सोमवारी परत सातशे. रोजची भाजी पळीऐवजी चमच्याने फोडणीला टाका: चौघांच्या भाजीला पाच मिलीचे तीन-चार चमचे पुरतात, मात्र कढई आधी चांगली तापलेली हवी आणि भाजीवर झाकण ठेवून त्यावर पाणी घालायला हवं. थंड कढईत कमी तेल घातलं की भाजी लागते आणि माणूस पुन्हा पळी उचलतो. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा, आणि तेही सातशेत मोजा.

साखरेला एकच नियम. चहात दोन चमचे असेल तर दीड करा, दहा-बारा दिवसांनी एक, मग अर्धा. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे 35-40 ग्रॅम साखर, दिवसाची मर्यादा तिथेच ओलांडली. गूळ आणि मध रक्तात साखरच होतात, त्यांच्यासाठी वेगळी मोकळीक नाही. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर अंतर ठेवा, कारण चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर उलट जास्त लोह शोषलं जातं.

मीठ कमी केल्यावर पहिले तीन-चार आठवडे सगळं अळणी लागेल. जीभ हळूहळू जुळवून घेते. वरून मीठ घेण्याची वाटी टेबलावरून उचला, त्याऐवजी लिंबू, आमसूल, जवसाची किंवा कारळ्याची चटणी ठेवा. कमी सोडियमचं मीठ घेताना त्यात पोटॅशियम असतं हे लक्षात ठेवा; मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दुपारी चारचा डबा

दिवसातली सगळ्यात कमकुवत वेळ दुपारी चार ते सहा. ऑफिसात चहाची फेरी, खाली वडापावची गाडी, घरी फरसाण. या वेळी निर्धार उपयोगाचा नाही, डबा उपयोगाचा. 30 ग्रॅम भाजलेले चणे-फुटाणे, किंवा मूठभर भाजके शेंगदाणे आणि एक पेरू, किंवा वाटीभर ताकात कालवलेली नाचणीची आंबील. तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. 50 ग्रॅम शेवेत पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि भूक तशीच राहते.

फरसाणावर घरात बंदी घालू नका, यादीतून किलोचं पाकीट काढून 200 ग्रॅमचं आणा. मोठं पाकीट फोडलं की ते संपेपर्यंत घरात कुणालाच चैन पडत नाही.

पाकिटावरचं वाचायला शिका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. "मल्टीग्रेन" बिस्किटांत पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल तर ती मैद्याची बिस्किटंच. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 100 ग्रॅममागे 800 मिलीग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. "डाएट चिवडा" हा चिवडाच आहे, वाटी तेवढीच घ्या.

कुठे घसरतं

वजन. पहिल्या दोन आठवड्यांत एक-दीड किलो पटकन उतरतं. त्यात बरंचसं पाणी असतं. मग काटा हलत नाही आणि लोक सोडून देतात. आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्याआधी वजन करा. रोज केलं तर मीठ, पाणी, मासिक पाळी यांनी एक-दोन किलोंची हालचाल दिसते आणि उगीच जीव खालीवर होतो. चार आठवडे वजन थांबलं आणि कंबरही थांबली, तर वही पुन्हा काढा आणि सात दिवस तोलून लिहा. सहसा शेंगदाणे, तूप किंवा "थोडासाच" भात माप सोडून वाढलेला असतो.

उपास. एकादशी किंवा चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स आणि गोड ताक असा उपास असेल तर तो आठवड्यातला सगळ्यात जड दिवस ठरतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, रताळं, फळं यांनी उपास तोच राहतो आणि संध्याकाळी डोकंही दुखत नाही. दाण्याच्या आमटीला चौघांत 100 ग्रॅम दाण्यांचं कूट पुरे.

लग्नं आणि सण. घरून उपाशी जाऊ नका, ताक पिऊन किंवा मूठभर चणे खाऊन जा. पंगतीत जे घरी होत नाही तेच घ्या: जिलेबी घ्या, पण पुरी आणि पुलाव दोन्ही कशाला? दिवाळीचा फराळ करायचाच, मात्र करंजी-चकली अर्ध्या प्रमाणात करा आणि दहा दिवसांत वाटून संपवा. डिसेंबरपर्यंत पुरणारा फराळाचा डबाच खरं नुकसान करतो.

घरातली मोठी माणसं. सासूबाईंना किंवा आजोबांना "तेल बंद" असं सांगितलं की वाद होतो, आणि तो योग्यच आहे, कारण त्यांनी आयुष्यभर ज्वारी, ताक आणि पालेभाजी खाल्लेली असते. त्यांना विचारा की लहानपणी थंडीत काय शिजायचं. भोगीची मिसळ भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी अशी यादी तेच सांगतील आणि बहुधा करूनही दाखवतील.

एखादा दिवस चुकला तर काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर केलेला, 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला लोकांना 18 पासून 254 दिवसांपर्यंत लागतील असं त्यात दिसलं. मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात मोठा फरक पडला नाही. तेव्हा 21 दिवसांच्या गप्पा विसरा, आणि रविवारी मिसळ-पाव झाला म्हणून सोमवारची उसळ रद्द करू नका.

फळ कधी दिसतं

सगळ्यात आधी, दोन-तीन आठवड्यांत, पोट साफ व्हायला लागतं आणि दुपारच्या जेवणानंतरची पेंग कमी होते. महिन्याभरात चारची भूक बोथट होते. दुसऱ्या महिन्यात बाहेरची भाजी खारट आणि तेलकट लागायला लागते. जीभ बदलल्याची ही खूण फार मोलाची आहे, कारण इथून पुढे स्वतःला आवरावं लागत नाही. पैशांचं म्हणाल तर डाळ आणि भाजीचा खर्च नक्की वाढतो. त्यातला काही भाग तेल, साखर, फरसाण, बिस्किटं आणि बाहेरून मागवलेल्या जेवणातून परत येतो. किती येतो ते आधीच्या बिलांशी ताडून बघा.

रक्ततपासणी घाईने करू नका. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतं, म्हणून तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीच्या तपासणीसाठीही तीन महिने थांबा. सुरुवातीला एचबीए1सी, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या सगळ्या चरबीची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-12 आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एकदा बघून घ्या, तीन महिन्यांनी पहिले दोन पुन्हा, वर्षाने सगळे. औषधाची मात्रा अहवाल बघून डॉक्टर कमी करतील. स्वतः गोळी सोडू नका. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जा, लिपिडसाठी लॅबने उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तर आदल्या रात्रीनंतर फक्त पाणी घ्या, आणि अहवाल आल्यावर त्याची झेरॉक्स किराणा यादीच्या त्याच वहीत, त्या महिन्याच्या तेल-साखर-डाळीच्या आकड्यांशेजारी चिकटवा.